मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर आठवडाभर जायचंय. मुक्काम कुठे करावा आणि एका दिवसाच्या सहली कशा आखाव्यात?

मुक्काम प्लाया देल कार्मेनला करा. कानकुन विमानतळावरून आडो (ADO) या बस कंपनीची थेट बस मिळते आणि कोझुमेल बेटाची फेरीबोट गावातूनच सुटते. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही.

डिसेंबर ते मार्च उत्तम. साधारण एप्रिल ते ऑगस्ट सार्गासम हे तपकिरी समुद्री शेवाळ किनाऱ्यावर साचून कुजतं, वास असह्य होतो. तेव्हा कोझुमेलचा पश्चिम किनारा गाठा. बेटाच्या आडोशामुळे तिथलं पाणी बहुधा स्वच्छ असतं. फेरीबोटीला पाऊण तास लागतो.

चिचेन इत्सा या प्राचीन माया नगरीच्या अवशेषांसाठी गाडीने दोन-अडीच तास धरा. ते युकातान राज्यात आहे आणि तिथलं घड्याळ किनाऱ्यापेक्षा एक तास मागे. सहाला निघालात तर तिथल्या साडेसातपर्यंत पोचाल, आठला दार उघडताच आत. अकरानंतर टूरबसची गर्दी आणि ऊन, दोन्ही नकोसं. पिरॅमिडवर चढू देत नाहीत. परतताना वायादोलिद गावाजवळच्या सेनोतेत, म्हणजे गोड्या पाण्याच्या नैसर्गिक विवरात, पोहा, पण अंगाला सनस्क्रीन लावून नको. उतरण्याआधी शॉवर घ्यावाच लागतो.

तुलुम या किनाऱ्यावरच्या गावाला कोलेक्तिवो, म्हणजे आपली वडापच, हायवे ३०७ वरून तासाभरात नेते. सुटे पेसो ठेवा.

भाड्याच्या गाडीचा ऑनलाइन दर फसवा असतो: सक्तीचा थर्ड पार्टी विमा अनेकदा काउंटरवर जोडला जातो. एकूण रक्कम आधीच लेखी मागा.