आधी माणसं कधी येतात ते मोजा, मग ठिपके हलवा

होटगी रस्त्यावरच्या आपल्या सोलापूर विमानतळावर प्रवासी कसे फिरतात याचं मॉडेल शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला करायचंय, सुरुवात सोशल फोर्स मॉडेलने करू का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: नको. हेल्बिंग आणि मोल्नार या संशोधकांनी १९९५ मध्ये मांडलेलं ते मॉडेल मला फार आवडतं. त्यात प्रत्येक माणूस म्हणजे संगणकावरचा एक हलता ठिपका; माणसं एकमेकांना कशी टाळतात, अरुंद दारात कशी तुंबतात, ते त्यात नीट दिसतं. पण लहान टर्मिनलमध्ये चालायला वेळ लागतोच किती? वेळ जातो रांगेत.

माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये मी प्रवाशांची ताशी सरासरी घेतली होती आणि तिथेच फसलो. समजा, एटीआर या छोट्या विमानाचे ७० प्रवासी आहेत, सिक्युरिटीची एकच लाइन आहे आणि माणशी ४५ सेकंद लागतात. दोन तासांत १६० जण तपासून होतील, म्हणजे रांगेचा प्रश्नच नाही असं वाटतं. पण त्या ७० मधले ४५ जण एकाच अर्ध्या तासात आले तर? तेवढ्या वेळात ४० जणच पुढे सरकतात. शिवाय तपासणीचा वेळ कमीजास्त होतो. कुणाच्या बॅगेत पाण्याची बाटली, कुणाचा पट्टा काढायचा राहिलेला. येणं आणि तपासणी दोन्ही अनियमित असतील, तर रांगेच्या सगळ्यात साध्या सूत्रानुसार लाइन ८० टक्के वेळ व्यस्त असताना सरासरी थांबणं एका तपासणीच्या ४ पट होतं, ९० टक्क्यांना ९ पट, ९५ टक्क्यांना १९ पट. हे सूत्र गर्दी बराच वेळ सारखी चालू राहील असं धरतं. एका विमानाची गर्दी तशी नसते, म्हणून तर सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर गर्दीची नक्कल, लागतं.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. चेक-इनला कुटुंब मोजायचं, सिक्युरिटीला माणूस. चौघांचं एक तिकीट काउंटरवर एकत्र निपटतं, पण पुढे चौघांचे ट्रे वेगळे. गट मोजले नाहीत तर रांग चुकीच्या जागी दिसेल.

आता आकडे कुठून आणायचे? विमानतळावर लेखी परवानगीशिवाय स्टॉपवॉच घेऊन उभे राहू नका. तोवर स्टेशनवर जा. हुतात्मा आणि सिद्धेश्वर दोन्ही गाड्या सोलापूरहूनच सुटतात, म्हणजे लोक सुटण्याची वेळ धरून येतात, अगदी विमानासारखे. दारापाशी दर ५ मिनिटांनी किती जण आत गेले ते लिहा, गट किती जणांचा तेही. सोडायला आलेले वेगळे काढा. सकाळच्या हुतात्माला आणि रात्रीच्या सिद्धेश्वरला येण्याचा आलेख सारखा निघतो का, हे मला स्वतःलाच बघायची फार उत्सुकता आहे. विमानाला लोक गाडीपेक्षा बरेच आधी येतात, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. मोजायची पद्धत तेवढी पक्की करून घ्या.

मॉडेल एकदाच चालवून आलेला आकडा लिहू नका. निदान २०० वेळा चालवा आणि १०० पैकी ९५ जण किती मिनिटांच्या आत रांगेतून सुटले ते द्या. एका दिवसाच्या नोंदी मॉडेलला न दाखवता बाजूला ठेवा, पडताळणीसाठी.

पहिल्या आठवड्याच्या नोंदी जमल्या की दाखवा, तपासणीच्या वेळेला कोणतं वितरण (म्हणजे कमीजास्त वेळांचा कोणता गणिती नमुना) बसतं ते मिळून पाहू.