धाबळी म्हणजे घोंगडीच का?

आपल्या आजींच्या जुन्या पत्रात ‘पावसाळ्याआधी धाबळी पाठवावी’ असे वाक्य सापडले. धाबळी म्हणजे घोंगडीच का, आणि ती आज पुण्यात मिळेल का, असे आपण विचारले आहे.

धाबळी ही घोंगडी नव्हे. घोंगडी दख्खनी मेंढीच्या काळ्या, राठ लोकरीची, सणगरांनी, म्हणजे घोंगड्या विणणाऱ्या कारागिरांनी, मागावर विणलेली आणि चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेली असते. ती अंथरायची, पांघरायची, पावसात तिची खोळ करून डोक्यावरून घ्यायची. आमच्या घरातली धाबळी पांढऱ्या लोकरीची, तिच्याहून पुष्कळ पातळ आणि नेसता येईल इतकी मऊ होती. सोवळ्याचे सुती वस्त्र रोज धुऊन, कोणाचा स्पर्श होऊ न देता वाळवावे लागे आणि आषाढ-श्रावणात ते वाळतच नसे. लोकर आणि रेशीम मात्र रोज न धुताही सोवळ्याला चालत असल्यामुळे अशा दिवसांत स्वयंपाकाला आणि पूजेला मुकटा, म्हणजे सोवळ्याचे रेशमी वस्त्र, किंवा धाबळी नेसत. पत्रात ‘पावसाळ्याआधी’ हा शब्द आहे, तो बहुधा याच कारणाने.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि आम्ही नारायण पेठेत नदीपासून जवळच्या एका वाड्यात राहत होतो. पाणी येत असल्याची ओरड झाली, त्या वेळी माझी आजी धाबळी नेसून चुलीपुढे बसली होती. आईने आम्हा मुलांना घेऊन सदाशिव पेठेत उंचावर राहणाऱ्या मावशीचे घर गाठले. आजी मात्र देव्हाऱ्यातले देव घेण्यासाठी मागे थांबली आणि कमरेपर्यंतच्या पाण्यातून, देवांचे गाठोडे डोक्यावर धरून, आमच्या मागून आली. मावशीच्या घरी त्या रात्री इतकी माणसे गोळा झाली होती की पांघरायला एकही कोरडे वस्त्र उरले नव्हते, आणि मला हुडहुडी भरली होती. सोवळ्यात असताना आम्हांला चार हात दूर ठेवणाऱ्या आजीने मावशीचे लुगडे नेसून आपली धाबळी पिळली आणि ती माझ्याभोवती गुंडाळून मला मांडीवर घेतले. ती ओलसर होती, तरी थोड्या वेळाने तिच्यात ऊब धरली. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही आणि तिच्या कुरळ्या तंतूंमध्ये हवा कोंडून राहते, हे मी पुढे वाचले. त्या रात्री मला फक्त धुराचा आणि आजीचा वास आठवतो.

आजी गेल्यावर काही वर्षांनी, दिवाळीच्या आवराआवरीत, माझ्या थोरल्या बंधूंनी ती धाबळी एका स्टीलच्या पातेल्यासाठी बोहारणीला दिली. मी जाब विचारला, तेव्हा ‘जुनी घोंगडी होती, दिली’ एवढेच उत्तर मिळाले. मोल्सवर्थच्या 1857 च्या मराठी-इंग्रजी कोशात हे दोन शब्द वेगळे नोंदलेले आहेत, हे मी त्यांना उघडून दाखवले, तरी ‘लोकरीचे ते सगळे घोंगडेच’ हे त्यांचे म्हणणे बदलले नाही. माझ्या मते ही केवळ शब्दाची चूक नव्हती. जिचे नाव आपल्याला ठाऊक नाही, ती वस्तू आपण सहज देऊन टाकतो, आणि त्यांनी नेमके तेच केले.

गुजरातीत ‘धाबळो’ म्हणजे पांघरायचे कांबळे, आणि मराठीतही काही घरांत लोकरीच्या साध्या पांघरुणाला धाबळी म्हणत, हेही येथे सांगितले पाहिजे. त्यामुळे आपल्या आजींनी नेसायची धाबळी मागवली होती की पांघरायची, हे पत्रातला पुढचा-मागचा मजकूर पाहूनच ठरवावे लागेल. सोवळ्याच्या नावाखाली माणसांना दूर ठेवले जाई, ते मला तेव्हाही आवडत नव्हते आणि आजही मान्य नाही. माझा आग्रह वस्त्रापुरता आणि त्याच्या नावापुरता आहे.

दुकानात ‘धाबळी’ या नावाने मागाल, तर बहुतेक विक्रेत्यांना कळणार नाही. पांढऱ्या, न रंगवलेल्या, शुद्ध लोकरीचे पातळ कापड मागा. खात्रीसाठी कडेचा एक धागा जाळून पाहा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि तिची राख बोटांनी चुरता येते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. मात्र विकत घेण्याआधी घरातल्या जुन्या ट्रंका स्वतः उघडून पाहा. जी व्यक्ती धाबळीला घोंगडी म्हणते, तिच्यावर हे काम सोपवू नका. धाबळी सापडली, तर कसर लागली आहे का ते आधी पाहा, सावलीत वारा द्या आणि सुती कापडात गुंडाळून कडुनिंबाच्या वाळल्या पानांबरोबर ठेवा.