भूशास्त्र सोडून कोडिंगकडे वळू का?

प्रिय विद्यार्थिनी,

तू भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, गणित आवडतं, आणि भेगाळलेल्या खडकातून पाणी व त्यात विरघळलेले पदार्थ कसे वाहतात याचं मॉडेलिंग करायचं आहे. त्यासाठी भूशास्त्र सोडून थेट कोडिंग शिकावं का, असं तू विचारलं आहेस. सोडू नकोस.

वाळूतून पाणी कसं झिरपतं याचा नियम हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने 1856 मध्ये मांडला. कठीण खडकात मात्र पाणी मोजक्या भेगांतूनच धावतं. समांतर, गुळगुळीत भिंतींची भेग धरली तर तिच्यातला प्रवाह रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो; रुंदी दुप्पट झाली की पाणी आठपट. त्यामुळे शेकडो भेगांपैकी दोन-चारच जवळजवळ सगळं पाणी वाहून नेऊ शकतात, आणि बोअर नेमकं त्यांनाच चुकवू शकतं. कुठली भेग वाहती, कुठली खनिजांनी बुजलेली, याची नजर उघड्या कातळापुढे उभं राहून आणि बोअरमधून काढलेले नमुने हाताळून येते.

विरघळलेल्या पदार्थांचं वागणं तर मला या विषयातलं सर्वांत सुंदर कोडं वाटतं. भेगेतून जाताना त्यांचा काही भाग शेजारच्या अखंड खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत विसरणाने (म्हणजे जास्त संहतीकडून कमी संहतीकडे आपोआप पसरत) शिरतो आणि भेगेतलं पाणी स्वच्छ झालं की हळूहळू परत बाहेर येतो. म्हणून प्रदूषणाचा स्रोत हटवला तरी भूजल कित्येक वर्षं दूषित राहू शकतं. अणुकचरा खोल खडकात पुरताना हेच विसरण उपकारक ठरतं, कारण निसटलेल्या किरणोत्सारी द्रव्यांचा प्रवास लांबतो. स्वित्झर्लंडमधल्या ग्रिमसेलच्या भूमिगत प्रयोगशाळेत खडकात ट्रेसर, म्हणजे पाण्याचा माग काढायला मिसळलेले ओळखता येणारे पदार्थ, सोडून याचे प्रयोग झाले आहेत.

कोडिंग लागेलच. पायथन, आंशिक विकलन समीकरणं, संख्यात्मक पद्धती, आणि मुलं हमखास टाळतात ते संख्याशास्त्र. जमिनीखालची प्रत्येक भेग मोजता येत नाही, म्हणून मोजलेल्या भेगांवरून संगणकात भेगांची अनेक संभाव्य जाळी तयार करतात. उत्तर एका आकड्यात येत नाही, पल्ल्यात येतं. ते तसंच सांगायची हिंमतही लागते.

नोकरीचं खरं सांगते. फक्त याच विषयाच्या जागा थोड्या, आणि बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण मागतात. पण भूजल शुद्धीकरण, खाणी, बोगदे, भूऔष्णिक ऊर्जा, या सगळ्यांना हे ज्ञान हवं असतं. म्हणून एकूण भूजलशास्त्राचा पाया पक्का ठेव.

या सुट्टीत एक कर. एकच भेग, दोन्ही बाजूंना सच्छिद्र खडक, आत शिरणारा एक पदार्थ, एवढंच मॉडेल स्वतः लिही. या सोप्या रचनेचं नेमकं गणिती उत्तर 1981 पासून उपलब्ध आहे. तुझे आकडे त्याच्याशी ताडून बघ. जुळले नाहीत तर का, हे शोधताना मजा येते की कंटाळा, ते मला कळव. पुढचा कोर्स आपण त्यावरून ठरवू.