इशारा कोणाच्या टेबलावर थांबला?

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. ग्राहकांची माहिती ज्या सर्व्हरवर आहे त्याचे सॉफ्टवेअर जुने आणि धोकादायक झाले आहे, हे तू चार महिन्यांत तीनदा कळवलेस. तिन्ही वेळा ‘पुढच्या तिमाहीत बघू’ असे उत्तर मिळाले. उद्या हॅक झाला तर खापर आपल्याच डोक्यावर फुटेल, या काळजीने रात्रपाळीत तुझे कामात लक्ष लागत नाही. ही भीती अनाठायी नाही आणि नुसता धीर देऊन ती जाणारही नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात तुझ्यासारखेच पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या माणसांपासून करतो. अमेरिकेतील ‘टार्गेट’ या दुकानांच्या मोठ्या साखळीने २०१३ मध्ये सुमारे १६ लाख डॉलर खर्चून संगणकजाळ्यावर पाळत ठेवणारी यंत्रणा बसवली होती, आणि तिचे इशारे चोवीस तास पाहण्याचे काम बेंगळुरूमधील एक गट करत होता. वातानुकूलनाची कामे करणाऱ्या एका कंत्राटदाराचा चोरलेला पासवर्ड वापरून चोर आत शिरले, बिलाच्या काउंटरवरील यंत्रांपर्यंत पोहोचले आणि तिथे त्यांनी कार्डांचे तपशील टिपणारा प्रोग्राम पेरला. ३० नोव्हेंबरला, ऐन सणाच्या खरेदीतल्या शनिवारी, यंत्रणेने इशारा दिला. बेंगळुरूच्या गटाने तो मिनीॲपोलिसच्या मुख्यालयातील सुरक्षा विभागाला कळवला. जमा केलेली माहिती तोवर कंपनीच्या बाहेर गेलेली नव्हती. २ डिसेंबरपासून ती जाऊ लागली आणि तेव्हाही यंत्रणेने पुन्हा इशारा दिला. असा प्रोग्राम सापडताच आपोआप पुसून टाकण्याची सोय त्या यंत्रणेत होती, पण ती बंद ठेवलेली होती. शेवटी १२ डिसेंबरला अमेरिकी न्याय विभागाने कळवले, तेव्हा कंपनी हलली. तोवर ४ कोटी कार्डांचे तपशील आणि ७ कोटी ग्राहकांचे नाव, पत्ता, फोन यांसारखे तपशील चोरांच्या हाती गेले होते.

कंपनीने पुढे दिलेला खुलासा असा होता की, इशारा पाहिला गेला, तपासला गेला आणि त्यावर तातडीने काही करण्याची गरज नाही असे ठरवले गेले. हे ‘ठरवले गेले’ तू नीट लक्षात घे. इशाऱ्याकडे कानाडोळा झाला असे आपण म्हणतो तेव्हा तो आपोआप घडल्यासारखा वाटतो, पण तो एक निर्णय असतो आणि निर्णय घेणारे कोणीतरी असते. तरीही ज्याने त्या शनिवारी अलर्ट बाजूला ठेवला, त्या कर्मचाऱ्याला मी मुख्य दोषी मानणार नाही. रोज शेकडो अलर्ट पाहणाऱ्या माणसाचा एखादा अंदाज चुकणारच. कंत्राटदाराच्या खात्यापासून बिलाच्या यंत्रांपर्यंत वाट राहू दिली कोणी, आपोआप पुसण्याची सोय बंद कोणाच्या संमतीने राहिली, हे प्रश्न त्याच्या हुद्द्याच्या फार वरचे आहेत. माहिती तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुखांनी मार्च २०१४ मध्ये आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी मे महिन्यात पद सोडले. भागधारकांना सल्ला देणाऱ्या एका संस्थेने दहापैकी सात संचालकांच्या विरोधात मत देण्यास सुचवले होते, तरी सर्व संचालक पुन्हा निवडून आले, आणि त्यांच्यावरचा भागधारकांचा दावाही २०१६ मध्ये न्यायालयाने फेटाळला.

दुसरे प्रकरण ‘इक्विफॅक्स’चे. लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या या अमेरिकी कंपनीला ८ मार्च २०१७ रोजी सरकारी यंत्रणेने ‘अपाचे स्ट्रट्स’ या सॉफ्टवेअरमधील दोषाचा इशारा दिला. दुसऱ्याच दिवशी कंपनीत चारशेहून अधिक जणांना ई-मेल गेला की ४८ तासांत पॅच, म्हणजे तो दोष दूर करणारी सॉफ्टवेअरची दुरुस्ती, बसवा. ज्या जुन्या संगणकप्रणालीत हे सॉफ्टवेअर वापरात होते, तिथे ते आहे हे ठाऊक असलेला डेव्हलपरच त्या यादीत नव्हता. चोर मे महिन्यात शिरले आणि जुलैअखेर सापडले, कारण जाळ्यातील वाहतूक तपासणाऱ्या उपकरणाला ती सांकेतिक वाहतूक वाचण्यासाठी लागणारे डिजिटल प्रमाणपत्र कित्येक महिन्यांपूर्वी संपले होते आणि तोवर ते उपकरण आंधळे होते. प्रमाणपत्र बदलले आणि त्याच दिवशी संशयास्पद हालचाल दिसली. सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली.

ऑक्टोबरमध्ये कंपनीचे माजी प्रमुख रिचर्ड स्मिथ यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले की, पॅच बसवण्याचा निरोप पुढे देण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती त्या व्यक्तीने तो दिला नाही. हे वाचून मला तेव्हाही संताप आला होता आणि आजही येतो. त्याच कंपनीच्या २०१५ च्या अंतर्गत तपासणीत दुरुस्त न केलेले साडेआठ हजारांहून अधिक दोष आढळले होते. पॅच बसला की नाही हे पडताळण्याची धड व्यवस्था नव्हती, ते माणसांच्या भरवशावर सोडलेले होते. एका माणसाने एक ई-मेल पुढे पाठवला नाही म्हणून कोट्यवधी लोक उघडे पडत असतील, तर अशी व्यवस्था वर्षानुवर्षे तशीच चालू देणारे वरिष्ठच त्याला जबाबदार आहेत. माझे मत स्पष्ट आहे: ज्याच्या हातात पैसा, माणसे आणि काम थांबवण्याचा अधिकार आहे, त्याच्यापर्यंत इशारा पोहोचला असेल तर जबाबदारी त्याची, आणि पोहोचला नसेल तर तो पोहोचण्याची वाट न बांधल्याची जबाबदारीही त्याचीच.

मग तुझी जबाबदारी कुठे संपते? माझा एक अनुभव सांगतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका संस्थेची मी सुरक्षा तपासणी केली. मूळ डेटा आणि त्याचा बॅकअप एकाच जाळ्यावर असून बाहेरून येण्याचा पासवर्ड चार जणांत एकच आहे, हे मी साठ पानी अहवालात एकेचाळिसाव्या पानावर लिहिले, सही केली आणि बिल घेऊन मोकळा झालो. दिवाळीनंतर हॅकरांनी त्यांच्या सगळ्या फाइली कुलूपबंद केल्या, बॅकअपसह. मी गेलो तेव्हा हिशेब विभागातील निवृत्तीला आलेल्या एक बाई जमिनीवर व्हाउचरचे गठ्ठे मांडून, ओल्या स्पंजवर बोट टेकवत, एकेक नोंद पुन्हा वहीत उतरवत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, “साहेब, तुम्हाला हे आधी दिसलं नव्हतं का?” मी म्हणालो, अहवालात लिहिले होते. त्यांनी विचारले, “पण सांगितलंत कोणाला?” माझ्याकडे एकही नाव नव्हते. निर्णय संस्थेच्या प्रमुखांचा होता, पण तो निर्णय घ्यावा लागेल अशा रीतीने मी तो त्यांच्यासमोर ठेवलाच नव्हता.

तुझी तिन्ही टिकेटे, म्हणजे तक्रारप्रणालीतल्या तुझ्या नोंदी, मी तुझ्या पत्रावरून डोळ्यांसमोर आणली. ‘व्हर्जन जुने आहे, अपडेट करावे’ एवढ्यावर कोणताही व्यवस्थापक पुढची तिमाहीच सांगेल. एक पानाची टीप लिही. ती एकाच अधिकाऱ्याच्या नावाने जाऊ दे, बाकीचे प्रतीपुरते. त्या सर्व्हरवर कोणाची, कोणती माहिती आहे, दोष वापरला गेला तर नेमके काय बाहेर जाईल, दुरुस्तीला किती तास आणि किती वेळ सेवा बंद ठेवावी लागेल, आणि तोपर्यंत निदान कोणता मार्ग बंद करता येईल, हे साध्या मराठीत किंवा साध्या इंग्रजीत मांड. उत्तराची तारीख माग. दुरुस्ती लांबवायची असेल तर ‘हा धोका मी अमुक तारखेपर्यंत स्वीकारतो’ असे त्या अधिकाऱ्याने स्वतःच्या नावाने लिहून द्यावे, अशी नम्र पण स्पष्ट विनंती कर. सहीची वेळ आली की पुढच्या तिमाहीचे काम पुष्कळदा त्याच आठवड्यात होते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

वरिष्ठ कायद्याचे विचारतील, म्हणून थोडक्यात सांगतो. सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती लक्षात आल्यापासून सहा तासांत द्यावी लागते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि हा दंड कर्मचाऱ्यावर नसून लोकांची माहिती घेणाऱ्या संस्थेवर आहे. मात्र ही रक्कम भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत, जमा करण्याची तरतूद आहे. ज्याची माहिती गेली त्याला त्यातले काही मिळत नाही. टीप लिहिताना त्या माणसाचा विचार मनात असू दे, कारण त्या बैठकीत त्याच्या बाजूने बोलणारे दुसरे कोणी नसते.

दोन गोष्टी मात्र करू नकोस. धोका खरा आहे हे सिद्ध करण्यासाठी परवानगीशिवाय त्या सर्व्हरमध्ये शिरू नकोस. आणि पुरावा म्हणून कार्यालयातील कागद, स्क्रीनचे फोटो स्वतःच्या फोनवर किंवा घरच्या ई-मेलवर घेऊ नकोस. टिकेटाचा क्रमांक, तारीख आणि कोणाशी बोललीस एवढे कार्यालयाच्याच नोंदीत राहू दे.

टिपेचा मसुदा रविवारपर्यंत मला पाठव, भाषेवरून हात फिरवून देईन. पाठवण्याआधी त्यातले कंपनीचे नाव, सर्व्हरचे पत्ते आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती काढून टाक. ते मला कळण्याची गरज नाही आणि मला कळवण्याचा तुला अधिकारही नाही.

तुझा,
काका