कानातला रातकिडा आणि अमेरिकेतले आकडे

प्रश्न : माझे यजमान ६१ वर्षांचे आहेत. इचलकरंजीत तीस वर्षं त्यांनी साधे यंत्रमाग चालवले. वर्षभरापासून दोन्ही कानांत रातकिडा ओरडल्यासारखा आवाज येतो, रात्री झोप लागत नाही. अमेरिकेतला भाचा म्हणतो, 'तिथल्या पाहणीत हा त्रास गोऱ्यांनाच जास्त निघाला, मामांचा मनाचा खेळ असेल.' तेव्हापासून हे त्याबद्दल बोलायचेच बंद झालेत. आमचा मुलगाही मागावरच आहे. खरं काय समजायचं?

उत्तर : ताई, हा मनाचा खेळ नाही, हे यजमानांना आजच सांगा.

भाचा म्हणतो ती पाहणी खरी आहे. १९९९ ते २००४ मध्ये अमेरिकेत चौदा हजारांवर प्रौढांना विचारलं, तेव्हा वारंवार आवाज येणारे सुमारे ८ टक्के निघाले आणि गोऱ्यांमध्ये प्रमाण जास्त होतं. पण त्या पाहणीत भारतीयांचा वेगळा गट नव्हता, आपली माणसं 'इतर' या रकान्यात गेली. मग त्यावरून मामांच्या कानाबद्दल काय सांगणार? आतल्या कानातलं मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, श्रवणपेशींना थोडं जपत असावं असा एक तर्क आहे. तो खरा धरला, तरी तीस वर्षांच्या खडखडाटापुढे ते किती पुरणार?

शिवाय असे आकडे माणसांनी दिलेल्या उत्तरांवर उभे असतात. माझ्याकडे एक कांडीवाले काका, म्हणजे मागासाठी सुताच्या कांड्या भरणारे, आले होते. "कानात आवाज येतो का?" "नाही." मी पुन्हा विचारलं, "रात्री लाइट जाऊन पंखा बंद पडला की?" तर म्हणाले, "ते होय! ते असतंच की, मागावरच्या सगळ्यांनाच असतं." ज्याला कुणी आजारच समजत नाही, तो कागदावर येत नाही. मला याची फार खंत वाटते.

जगभरातल्या पाहण्या एकत्र करून २०२२ मध्ये अंदाज काढला गेला, तो सुमारे १४ टक्के प्रौढांचा आहे. वय वाढेल तसं प्रमाण वाढतं, पासष्टीपुढे जवळजवळ चौघांत एक.

मागावर धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तुकडा, आपटतो तो आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, म्हणून तिथे माणसं कानाशी तोंड नेऊन किंवा खुणांनी बोलतात. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या नाजूक केसपेशी त्याने मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. तिकडून येणारा संदेश कमी झाला की मेंदू जणू आपलाच आवाज चढवतो. तोच हा रातकिडा.

यजमानांची श्रवणचाचणी करून घ्या, रक्तदाबही बघा. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बऱ्याच जणांचा आवाज मागे पडतो. झोपताना खोली अगदी चिडीचूप ठेवू नका, पंखा किंवा रेडिओ बारीक चालू ठेवा. हा आवाज कायमचा पुसणारी गोळी आज कुणाकडेच नाही, तशी जाहिरात दिसली तर पैसे घालवू नका. एकाच कानात आवाज येऊ लागला, नाडीच्या ठोक्याबरोबर आला किंवा अचानक ऐकू येईनासं झालं, तर मात्र त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा.

आणि मुलगा! कानात कापसाचे बोळे घालत असेल तर त्यांचा उपयोग नगण्य. फोमचे प्लग आणा. प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. हे रोज, पाळी सुरू होण्याआधी.