दसऱ्याच्या सलग सुट्टीत वाचन सुरू करताना

सलग तीन-चार दिवसांची सुट्टी मिळाली की नवा वाचक हमखास जाडजूड कादंबरी उचलतो आणि ती पन्नासाव्या पानावर पालथी पडून राहते; तुम्ही ती चूक करू नये. प्रारंभ 'बनगरवाडी'पासून करावा, कारण व्यंकटेश माडगूळकरांची ही छोटेखानी कादंबरी दोन बैठकांत संपते आणि तिची भाषा कुठेही अडवत नाही. त्यानंतर आपल्या मातीतले 'वाडा चिरेबंदी' घ्यावे. महेश एलकुंचवारांच्या या नाटकातील विदर्भातल्या देशपांडे कुटुंबाची पडझड मोठ्याने वाचली, तर संवादांमधले मौनही ऐकू येते. (घरचे हसतील, हसू द्यावे.) अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले, त्यांचे 'चकवाचांदण' हे आत्मचरित्र मात्र मोठे आहे, ते दिवाळीसाठी राखावे.

खरेदीसाठी नागपूरच्या दीक्षाभूमीवर अवश्य जावे. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ दसऱ्याला येणारे असंख्य लोक परतताना पिशवीत पुस्तके नेतात, आणि बाबासाहेबांचे साहित्य तेथे अल्प किमतीतही मिळते. गर्दी टाळायची असल्यास सकाळी लवकर निघावे, सुटे पैसे जवळ ठेवावेत आणि दोनच पुस्तके घ्यावीत.