वाचकांचे प्रश्न : किफायतशीर डॅक कसा निवडावा?

प्रश्न : माझ्याकडे जुना पण चांगल्या स्थितीतला स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर आहेत. लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटमधून वायर काढून ती अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्सला जोडतो. शास्त्रीय गायन ऐकताना, विशेषतः संथ आलापीच्या वेळी, मागे बारीक घरघर जाणवते. दुकानदार चाळीस हजारांचा डॅक (अंकांतला ध्वनी विद्युत लहरींत बदलणारे उपकरण) घ्या म्हणतो आणि त्यातली चिप फार वरच्या दर्जाची असल्याचे सांगतो. माझी तयारी दहा हजारांची आहे. तेवढ्यात भागेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दहा हजारांत उत्तम भागेल, कदाचित त्याहूनही पुष्कळ कमी पैशांत. मात्र खर्च करण्याआधी ही घरघर कुठून येते ते शोधून काढावे, कारण डॅक बदलल्याने ती जाईलच असे नाही.

प्रथम अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवून ऑक्सची वायर त्याच्या मागून काढून टाकावी. तरीही आवाज येत राहिला, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे आणि तो दुरुस्ती करणाऱ्याला दाखवावा. आवाज थांबला, तर वायर पुन्हा जोडून लॅपटॉपचा चार्जर काढावा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू द्यावा. घरघर त्याच क्षणी नाहीशी झाली, तर मूळ कारण अर्थिंगशी संबंधित आहे असे समजावे : लॅपटॉपचा चार्जर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या जोडण्यांमधून एक बंद फेरा तयार होतो आणि त्यातून वाहणारा क्षीण प्रवाह ध्वनीत मिसळतो. यूएसबीने जोडलेला महागडा डॅकही अशा वेळी तीच घरघर पुढे पाठवू शकतो, कारण यूएसबीच्या वायरीतही ग्राउंडची तार असते. दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून पाहावीत. तेवढ्याने भागले नाही, तर ऑक्सच्या वायरीत बसवायचा छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे हा फेरा तोडणारा जोड, मिळतो. प्लगची अर्थिंगची पिन कापून घरघर घालवण्याचा सल्ला काही जण देतात. तो कृपा करून मुळीच ऐकू नये. त्यात जिवाला धोका आहे.

चार्जर काढल्यानंतरही आवाज राहिला आणि माउस हलवताना किंवा पडद्यावरचे पान सरकवताना त्याचा सूर बदलत असेल, तर लॅपटॉपच्या आतल्या सर्किटचा गोंगाट सॉकेटमधून बाहेर पडतो आहे. हा त्रास मात्र बाहेरचा डॅक खरोखर दूर करतो, कारण अंकांचे विद्युत लहरींत रूपांतर करण्याचे काम त्या गोंगाटापासून दूर, वेगळ्या डबीत होते.

आता चिपविषयी. ईएसएस, आसाही कासेई, सिरस लॉजिक आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपन्यांच्या सध्याच्या चिप घरच्या श्रवणासाठी पुरेशाहून अधिक चांगल्या आहेत. ऑक्टोबर 2020 मध्ये जपानमधील नोबेओका येथील आसाही कासेईच्या कारखान्याला आग लागली, पुरवठा खुंटला आणि अनेक उत्पादकांना आपले आराखडे बदलून ईएसएसच्या चिप बसवाव्या लागल्या. त्यामुळे चांगल्या डॅकचा दर्जा काही ढासळला नाही. चिपला मिळणारा वीजपुरवठा किती स्वच्छ आहे आणि तिच्या पुढचे अ‍ॅनलॉग सर्किट किती काळजीने आखले आहे, यावर परिणाम जास्त अवलंबून असतो. म्हणून चिपच्या नावावर पैसे मोजू नयेत.

सीडीच्या 16 बिट ध्वनीचा आवाका, म्हणजे सर्वांत मोठा आवाज आणि मागचा गोंगाट यांतले अंतर, सुमारे 96 डेसिबलचा असतो आणि फियो, टॉपिंग, एसएमएसएल यांसारख्या उत्पादकांचे माफक किमतीचे टेबलावरचे डॅकही ही मर्यादा सहज ओलांडतात. आपण ऐकत असलेली जुनी ध्वनिमुद्रणे टेपवर झालेली असतील, तर त्या टेपचीच सळसळ डॅकच्या गोंगाटापेक्षा कितीतरी मोठी असते. ती चाळीस हजारांनी कमी होणार नाही.

माझा सल्ला असा : आधी अ‍ॅपलचा यूएसबी-सी ते हेडफोन हा छोटा अ‍ॅडॅप्टर वापरून पाहावा. तो दिसायला नुसती वायर असला तरी आत पूर्ण डॅक आहे आणि मोजमापात तो सीडीच्या दर्जाला पुरून उरतो. तो साधारण 1 व्होल्ट देतो, तर टेबलावरचे डॅक सीडी प्लेअरच्या प्रथेप्रमाणे 2 व्होल्ट देतात. त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरची कळ थोडी अधिक फिरवावी लागेल, एवढेच. नेमका हाच फरक दुकानात फसवतो. जो डॅक किंचित मोठा वाजतो तोच आपल्या कानाला अधिक मोकळा, अधिक जिवंत वाटतो. दोन डॅकची तुलना करायचीच असेल, तर दोन्हींवर 100 हर्ट्झचा स्थिर सूर वाजवून स्पीकरच्या टोकांवरचे व्होल्टेज साध्या मल्टिमीटरने मोजावे आणि ते एक टक्क्याच्या आत जुळवून मगच, कोणता डॅक चालू आहे हे न पाहता, गाणे ऐकावे. उरलेले पैसे स्पीकरसाठी ठेवावेत, कारण फरक तिथे निःसंशय ऐकू येतो.

प्रश्न : टीव्हीला ऑप्टिकल वायरने डॅक जोडला. काही वाहिन्यांवर आवाज येतो, पण चित्रपटांच्या अ‍ॅपवर एकतर शांतता असते नाहीतर खरखर. डॅक बिघडला का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बहुधा नाही. त्या अ‍ॅपवरून टीव्ही डॉल्बीचा संकुचित प्रवाह बाहेर पाठवत असावा आणि साध्या स्टिरिओ डॅकला तो उलगडता येत नाही. टीव्हीच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’वर असेल, ते ‘पीसीएम’ (साधा, असंकुचित ध्वनी) करावे. पुष्कळ टीव्हींमध्ये ऑप्टिकलवरचा आवाज रिमोटने कमी-जास्त होत नाही. तेव्हा टीव्हीसाठी नवा डॅक घेणाऱ्यांनी स्वतःचा रिमोट आणि आवाजाची कळ असलेलाच घ्यावा.

प्रश्न : 24 बिट, 192 किलोहर्ट्झची (सीडीहून उच्च दर्जाची म्हणून विकली जाणारी) गाणी विकत घ्यावीत का? त्यासाठी वेगळा डॅक लागेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : डॅक वेगळा लागणार नाही, आजचे बहुतेक स्वस्त टेबली डॅकही ही गाणी वाजवतात. पैसे मोजावेत का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. माणसाचा कान साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि सीडीचा 44.1 किलोहर्ट्झचा दर, म्हणजे सेकंदाला घेतलेल्या ध्वनीच्या नमुन्यांची संख्या, तेवढ्यासाठीच ठरवलेला आहे, कारण ती सर्वांत उंच सुराच्या दुपटीहून थोडी जास्त असावी लागते. 2007 मध्ये मेयर आणि मोरन या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत उच्च दर्जाचा ध्वनी मध्येच सीडीच्या दर्जातून फिरवून श्रोत्यांना ऐकवला गेला, आणि नेहमीच्या आवाजात त्यांची उत्तरे नाणेफेकीइतकीच बरोबर आली. असंकुचित स्वरूपात सीडीच्या एका मिनिटाला सुमारे 10.6 मेगाबाइट लागतात, तर या गाण्यांना 69. एखादे जुने ध्वनिमुद्रण मूळ टेपवरून नव्याने, काळजीपूर्वक उतरवून या स्वरूपात दिले असेल, तर ते जरूर घ्यावे. तिथे मोल त्या नव्या उतरवणीचे असते, आणि तीच उतरवणी सीडीच्या दर्जात मिळाली तर ती स्वस्तात घेण्यात काहीच गमावल्यासारखे नाही.